लागवडीचा दगड

वहिनीच्या नवऱ्याला समुद्रानं गिळलं, असं बंदरावर सगळे म्हणायचे. वहिनी म्हणायची, "समुद्राचा काय संबंध? दगडानं मारलं. आणि दगड आपणहून पडत नाही."

तिचा नवरा आणि धाकटा दीर मिळून रानदगड फोडायचे. घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवायची हौस असलेल्या माणसाला मासे नंतर लागतात, आधी लागतो जिवंत दगड. वर्षानुवर्षं समुद्रात पडून ज्याच्या भोकाभोकांत किडे, स्पंज, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला आलेत, असा दगड. तोच पेटीतलं पाणी राखतो. तो नसला तर मासे स्वतःच्याच घाणीत गुदमरून मरतात. प्रवाळाच्या कड्याला पहार लावून तोडून आणला की तो रानदगड. त्या दिवशी दोघं भाऊ एका कपारीखाली पोखरत होते. कपार बसली. थोरला छातीपर्यंत आत, धाकटा बाहेर. धाकटा एकटाच वर आला आणि होडीची कड धरून म्हणाला, "मी ओढलं. निघाला नाही." दुसऱ्या दिवशी चार माणसं आणि एक साखळी लागली, तेव्हा निघाला.

त्यानंतर वहिनीनं रानदगडाला हात लावला नाही. पाण्यात उतरणं मात्र सोडलं नाही. तिनं लागवड सुरू केली. सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा कालवायचा, त्यात मूठमूठ जाडं मीठ टाकायचं, म्हणजे मीठ विरघळलं की दगडाला आरपार भोकं राहतात. मग दोन महिने गोड्या पाण्यात टाकून चुन्याचा दाहकपणा धुऊन काढायचा. आणि मग खाडीच्या तोंडाशी, पाच पुरुष खोल पाण्यात, सिमेंटच्याच मांडण्या उभ्या करून त्यांच्या फळ्यांवर हे दगड तारेनं बांधून ठेवायचे आणि वाट बघायची. वर्षभरात शेवाळ धरतं. दुसऱ्या वर्षी गुलाबी पापुद्रा चढतो. तिसऱ्या वर्षी आत कोणी कोणी राहायला येतं, आणि त्यांची बारीक तडतड पाण्यात ऐकू यायला लागते.

बंदरावरची माणसं हसायची. "वहिनींनी समुद्रात बांधकाम काढलंय. घरभरणीला बोलवा हं!"

सोबतीला होती थोरली नणंद. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली, हाडापेरानं दणकट आणि जिभेनं त्याहून दणकट. वहिनी खाली असली की नणंद होडीत बसून हवेच्या कॉम्प्रेसरवर लक्ष ठेवायची. त्यातून निघालेली लांब नळी वहिनीच्या तोंडात असायची. नणंद स्वतः मात्र तीन वर्षांत एकदाही पाण्यात उतरली नव्हती. "माझा एक भाऊ खाली राहिला," ती म्हणायची. "मला वरूनच दिसतंय तेवढं पुरे."

दुसरा भाऊ, म्हणजे वहिनीचा दीर, रानदगडच फोडत राहिला. त्याला सगळे सुरुंग म्हणत. वात आखूड आणि आवाज मोठा म्हणून. त्याच्यासोबत ढब्बू नावाचा एक जाडा गडी होडी सांभाळायला असे. वहिनी आणि सुरुंग एकमेकांशी बोलत ते आदरानं, अहोजाहो करून. घरातली रीत होती आणि भांडणातही ती मोडली नव्हती.

त्यांच्यातला निकाल लागायची वेळ आली ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळे.

बाईंनी नवा दवाखाना बांधला होता आणि बाहेरच्या खोलीत सात फुटांची काचपेटी हवी होती. "दाढ ठणकत असलेला माणूस भिंतीवरचं घड्याळ बघत बसतो," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मासे बघेल." पेटीसाठी साठेक दगड लागणार होते. वहिनी आपला दगड घेऊन गेली, तर तिच्या आधीच सुरुंग येऊन बसला होता, पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला रानदगड. त्यानं तो टेबलावर उघडला. जांभळा, शेंदरी, हिरवा. एका भोकातून पिसासारखा किडा बाहेर आला, हवा लागताच सटकन आत गेला. शेजारी वहिनीचा गुलाबी ठोकळा पाहुण्यांसमोर आणून बसवलेल्या गरीब नातेवाइकासारखा दिसत होता.

"काय वहिनी," सुरुंग म्हणाला, "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तसं काय?"

"भाऊजी, तुमच्या दगडात काय काय लपलंय ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"जीव लपलाय. तुमच्यात तो ओतायचा राहिला."

डॉक्टरीणबाई वहिनीकडे वळल्या. "खरं सांगा. चांगला कुठला?"

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "दिसायला त्यांचा. त्याला शंभर वर्षं लागलीत, माझ्याला तीन. पण त्यांनी तोडला तिथे तुमच्या-माझ्या हयातीत दुसरा यायचा नाही. मी आज एक काढला तर उद्या दुसरा ठेवते."

बाई दातांत अडकलेलं काही शोधावं तशा दोन्ही दगडांकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दोन छोट्या पेट्या लावा. एकीत हा, एकीत तो. सहा आठवडे बघू."

पेट्या लागल्या. दवाखान्यात येणाऱ्यांना चघळायला विषयच मिळाला. सुजलेल्या गालाची माणसं एकमेकांना विचारायची, "तुम्ही कुठल्या बाजूचे?" पहिले दोन आठवडे सगळे सुरुंगाच्या बाजूचे होते. त्याच्या पेटीत रोज काही नवं उगवायचं. वहिनीच्या पेटीत पाणी नितळ, तीन छोटे मासे, आणि बाकी काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात सुरुंगाच्या पेटीतून टकटक ऐकू यायला लागली. कोणी नखानं काचेवर टिचकी मारावी तशी. मग एक मासा दिसेनासा झाला. मग दुसरा. तिसरा सापडला, पण अर्धा. गोगलगायींचे शंख रोज सकाळी फुटलेले दिसायचे. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बोलावलं. तिनं वाकून पाहिलं आणि दगडाच्या खालच्या भोकात दोन डोळे दिसले, देठावर बसवल्यासारखे, वेगवेगळ्या दिशांना फिरणारे.

"ठोसेवाला आहे," ती म्हणाली. "कोळंबीचा लांबचा भाऊ. पुढचे दोन हात मुठीसारखे असतात, त्यांनी ठोसा मारून शिंपला फोडतो. रानदगडातून आला. हातानं काढू नका, दगडच बाहेर घ्या आणि त्यावर गोडं पाणी ओता, आपोआप बाहेर येईल."

निरोप सुरुंगाला गेला. तो आला तेव्हा बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. वहिनीनं सांगितलेला उपाय त्यानं ऐकला आणि तिथेच फिस्कटलं. "वहिनींनी शिकवायचं मला? वीस वर्षं हात घालतोय मी भोकांत." असं म्हणून त्यानं बाही वर केली आणि हात पेटीत घातला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते त्या खोलीत सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. टक् असा आवाज झाला, लाकूड चिरल्यासारखा. सुरुंग ओरडला नाही. हात बाहेर आला तेव्हा अंगठ्याचं नख नव्हतं, आणि नख होतं तिथून पहिल्या पेरापर्यंत मांस उभं फाटून आतलं पांढरं हाड दिसत होतं. दुसऱ्या हातानं त्यानं अख्खा दगड उचलून फरशीवर आपटला. तो फुटला. ठोसेवाला बाहेर पडून फरशीवर उड्या मारायला लागला. हिरवागार, लाल कडांचा, वीतभर लांब. सुरुंगानं त्याच्यावर टाच ठेवली आणि तो मऊ होईपर्यंत रगडत राहिला. रक्त, पाणी आणि तो हिरवा चिखल, सगळं एकत्र.

बसलेल्यांपैकी एक म्हातारा, तोंडात कापूस धरलेला, कापसातूनच म्हणाला, "आयला, एका कोळंबीनं सुरुंग फोडला की!"

आणि सगळे हसले. गाल धरून, कळा सोसत, पण हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला खुर्चीत बसवून अंगठा शिवला. शिवताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटतं, मी वहिनींचाच दगड घेईन."

सुरुंग उठला. त्याच्या मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या होत्या. दारात वहिनी उभी होती. तो तिच्या जवळून जाताना थांबला आणि अगदी हळू म्हणाला, "तुम्ही माझं नाक कापलंत, वहिनी."

"मी? मी तर हात घालू नका म्हणून सांगितलं होतं."

"बघतोच तुमचं शेत," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला वहिनी खाली होती. साठ दगड काढायचे म्हणजे आधी कुठले तयार झालेत ते बघायला हवं होतं. पाच मांडण्या होत्या. ती शेवटच्या मांडणीपाशी गुडघे टेकून तारा सोडवत होती, तेव्हा एक आवाज सुरू झाला. पाण्यात आवाजाला दिशा नसते. तो दातांत वाजतो, कवटीत वाजतो. आधी तिला वाटलं, वर कॉम्प्रेसर बिघडला. मग पाण्यात पांढुरका धुरळा पसरत येताना दिसला, आणि त्या धुरळ्यात एक माणूस पहार घेऊन उभा होता.

सुरुंगानं पहिल्या तीन मांडण्या भुईसपाट केल्या होत्या. चौथीवर काम चालू होतं. पाण्यात पहार फिरवता येत नाही, खुपसावी लागते. तो खुपसत होता, पिळत होता, उपटत होता. वीस वर्षांचा सराव. तीन वर्षं जे गुलाबी होत आलं होतं ते एका दणक्यात आतून करडं निघत होतं. सिमेंटच ते. फुटल्यावर सिमेंटच दिसणार. एकेका दगडातून छोटे खेकडे, किडे, माशांची पिल्लं भुर्र करून बाहेर पडत होती आणि मोठे मासे कुठून कुठून येऊन ती मटकावत होते. तिच्या शेतावर मेजवानी चालली होती.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पोहत गेली आणि मागून पहारीला लोंबकळली. त्यानं कोपर मारलं. तिनं सोडलं नाही. तो वळला, मुखवट्याच्या काचेतून दोघांचे डोळे भिडले, आणि त्यानं पहारीचं बोथट टोक तिच्या गळ्याखाली खुपसलं.

गळपट्टीचं हाड मोडलेलं तिला कानांनी नाही, डोक्याच्या आतून ऐकू आलं. डावा हात लुळा पडला. तोंडातली नळी निसटली. पाणी आत गेलं. तिनं चाचपडत नळी शोधली, तोंडात कोंबली, खोकली, तिच्यातच ओकली, पुन्हा श्वास घेतला. आणि उजव्या हाताला लागला तो दगड, तिचाच, लागवडीचा, उचलून त्याच्या तोंडावर हाणला. एकदा. परत एकदा. मुखवटा फुटून बाजूला झाला. नाकातून रक्त निघालं. एवढ्या खोलवर रक्त लाल दिसत नाही, काळपट हिरवं दिसतं. तिनं तिसऱ्यांदा हाणला.

तो मागे कोलमडला तो चौथ्या मांडणीवर. तिचे दोन खांब त्यानं आधीच खिळखिळे केले होते. धक्क्यानं वरची फळी सरकली आणि बावीस दगडांसकट खाली आली, त्याच्या उजव्या हातावर. कोपरापासून पुढचा हात फळीखाली, बाकी सगळा सुरुंग बाहेर.

वर काय झालं ते वहिनीला नंतर कळलं. सुरुंगाची होडी येऊन खेटली तेव्हाच नणंदेनं विचारलं होतं, "सकाळी सकाळी पहार घेऊन कुठे निघालास रे?" त्यानं सरळ उडी मारली. थोड्या वेळानं पाण्यावर पांढरा फेस आला. ढब्बू नणंदेच्या होडीत चढला आणि वहिनीच्या कॉम्प्रेसरकडे हात न्यायला लागला. नंतर त्यानं शपथेवर सांगितलं, की त्याला फक्त हवा कमी करून वहिनीला वर आणायचं होतं. नणंदेला त्याच्या मनातलं वाचायची सवड नव्हती. तिनं वल्हं उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातलं. चार दात होडीत पडले, पाचवा त्यानं गिळला. दुसरा फटका कानावर बसला. ढब्बू रांगत आपल्या होडीत गेला आणि जीव वाचवायला त्यानं इंजिन सुरू केलं. खाली आपला माणूस आहे, त्याच्या तोंडात याच होडीची नळी आहे, हे त्याच्या फुटक्या कानामागे राहून गेलं. होडी पळाली, नळी ताणली, आणि खाली सुरुंगाच्या तोंडातून ती दातांसकट उपटावी तशी निघून गेली.

वहिनीनं ती नळी सापासारखी वळवळत वर जाताना पाहिली.

सुरुंगानं आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. तो हात ओढत होता. खांद्यापासून, कमरेपासून, पाय फळीला लावून. फळीखालून हिरवा धूर निघत होता. मग त्यानं मान वळवली. मुखवटा नसलेले उघडे डोळे. पाण्यात त्यांना धूसरच दिसत असणार, पण कोणीतरी समोर आहे एवढं नक्कीच दिसत होतं. त्यानं डावा हात पुढे केला. शिवलेल्या अंगठ्याची पट्टी सुटून पाण्यात तरंगत होती.

वहिनी तीन हात अंतरावर होती. तिच्या तोंडात हवा होती.

पोलिसांना तिनं सांगितलं, मी लगेच गेले. नणंदेलाही तेच सांगितलं. पण तिला आकडा पाठ आहे. तिनं सात श्वास घेतले. तिचे सात. त्याचा एकही नाही. पहिल्या श्वासाला तिला वाटलं, बरं झालं. दुसऱ्याला नवरा आठवला, साखळीनं काढला तेव्हा त्याच्या नखांत प्रवाळाचा चुरा होता. नंतरच्या श्वासांत तिला काही वाटत नव्हतं, ती फक्त बघत होती, आणि त्याचाच तिला पुढे जास्त त्रास झाला. सातव्याला त्याच्या तोंडातून शेवटचे बुडबुडे सुटले, लहान लहान, आणि हात खाली पडला.

मग ती गेली. नळी त्याच्या तोंडात घुसवली. त्यानं चावली आणि सोडेना. आता हवा तिच्याकडे नव्हती. तिनं ओढली, त्यानं दात आणखी आवळले, डाव्या हातानं तिचे केस धरून तिला स्वतःकडे खेचलं. बुडणाऱ्याला मिठी मारायची तर दोघांनी मरायची तयारी लागते. तिची नव्हती. तिनं त्याचा फाटलेला अंगठा मुठीत धरला आणि उलटा पिळला. तो किंचाळला, तोंड उघडलं, नळी तिच्या हातात आली. दोन श्वास घेऊन तिनं ती परत त्याला दिली. दोन त्याला, दोन तिला. असा हिशेब बसायला थोडा वेळ लागला, पण बसला.

पहार पायाशीच पडली होती. तिनं ती एका हातानं फळीखाली सारली आणि वजन टाकलं. फळी हलली नाही. बावीस दगड तारेनं आवळून बांधलेले, तिनंच बांधलेले, तीन वर्षांत पापुद्र्यानं एकमेकांना चिकटून एकजीव झालेले. तार सोडवायला दोन हात हवेत. तिचा एक लुळा. म्हणून तिनं पहार उचलली आणि आपलेच दगड फोडायला घेतले. रानदगड फोडणाऱ्याची बायको होती, कुठे टोक लावायचं ते तिला कळत होतं. दोन श्वास त्याला, दोन स्वतःला, मग एक घाव. प्रत्येक घावाला गळपट्टीच्या हाडाची टोकं एकमेकांवर घासत होती आणि ती नळीत ओरडत होती. बाविसातले सतरा फोडले तेव्हा फळी तसूभर उचलली.

हात निघाला. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये आता हाड असं काही नव्हतं. कातड्याची पिशवी, आत खडी.

वर आल्यावर नणंदेनं दोघांना होडीत ओढून घेतलं, आधी वहिनीला, मग भावाला. भावाला घेताना तिनं त्याच्या थोबाडीत मारली, आणि लगेच स्वतःचा परकर फाडून त्याचा दंड आवळून बांधला. किनाऱ्यापर्यंत ती दोन्ही गोष्टी आलटून पालटून करत होती. शिव्या देत होती, आणि पट्टी घट्ट करत होती.

हात कोपराखाली कापावा लागला.

पाचव्या दिवशी वहिनी झोळीत हात अडकवून इस्पितळात गेली. सुरुंग उशीला टेकून बसला होता, नाक वाकडं झालेलं, डोळ्यांखाली निळं-काळं. तो म्हणाला, "बसा, वहिनी." ती बसली.

"तुम्ही थांबला होतात," तो म्हणाला.

तिनं नाही म्हटलं नाही.

"दादाच्या वेळी मी पण थांबलो होतो. ओढलं म्हणून सांगितलं, ते नंतरचं. आधी मी मागे सरकलो. उरलेली कपार माझ्यावर येईल म्हणून. किती वेळ ते मला माहीत नाही. मी मोजलं नाही. मी भीतीनं थांबलो. तुम्ही रागानं. पण तुम्ही आलात."

वहिनीला इतकी वर्षं वाटत होतं, की हे कळलं की आपण याचा गळा धरू. ती उठली, त्याच्या उशाचं पाण्याचं भांडं भरलं, त्याच्या हाताला येईल असं डाव्या बाजूला ठेवलं, आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून दिली.

नणंद घरी वाटच बघत होती. "जीव वाचवलास तो तुरुंगात घालायला?" तिचा आवाज फाटला. "हात गेला त्याचा! अजून काय हवंय तुला?"

"वन्सं, त्यानं माझं हाड मोडलं. मी मेले असते."

"माहीत आहे मला. मीच वर बसले होते ना! पण एकच भाऊ उरलाय मला."

"म्हणूनच वर आणला. आणि म्हणूनच लिहून दिलं. दोन्ही करायला लागत होतं."

नणंदेनं हातातलं भांडं भिंतीवर फेकलं. आठ दिवस ती वहिनीशी बोलली नाही. पण पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. खटला उभा राहिला तेव्हा सुरुंगाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. ढब्बू माफीचा साक्षीदार झाला आणि त्याला नवे दात बसवले ते त्याच डॉक्टरीणबाईंनी. बसवताना म्हणे भूल जरा कमीच दिली.

पण ते सगळं पुढचं. आधी पेटीचं काम राहिलं होतं. वहिनीच्या शेतावर पाचांतली एकच मांडणी उभी होती, तिच्यावर चोवीस दगड. हवे होते साठ. आणि सुरुंगाच्या शेडमध्ये तीन मोठ्या पिंपांत रानदगड पडला होता, तोडून आणलेला, बघणारं कोणी नसल्यानं वास मारायला लागलेला.

"तोच घाल," नणंद म्हणाली. बोलायला लागली होती आता, पण तुटक. "तोडलेलाच आहे. तू थोडाच तोडलास? आठवड्यात कुजून जाईल."

वहिनीनं पिंपाचं झाकण उघडून पाहिलं. वरचे मेले होते, खालचे अजून धुगधुगत होते. ते घातले तर पेटी डोळे दिपतील अशी झाली असती, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलंही नसतं. त्या संध्याकाळी ती दवाखान्यात जाऊन म्हणाली, "माझ्याकडे चोवीसच आहेत. पेटी रिकामी दिसेल. चालत नसेल तर दुसऱ्या कोणाला सांगा."

"आणि त्याचा माल? तो पडून आहे असं ऐकलं."

"तो परत पाण्यात जाणार."

बाई थोड्या नाराज झाल्या. सात फुटांत चोवीस दगड म्हणजे टकलावर चार केस, असं म्हणाल्याही. पण वहिनीचं हाड जुळल्यावर तिनं दगड काढले तेव्हा पेटी तशीच लावली. मध्ये बरीच मोकळी वाळू राहिली आणि माशांना तीच आवडली असावी, कारण ते दिवसभर तिथेच असायचे.

रानदगड मात्र लगेच परत न्यायचा होता, आणि हाड जुळेपर्यंत वहिनीला पाण्यात उतरायला डॉक्टरांची सक्त मनाई. पडलेल्या मांडण्यांच्या ढिगाऱ्यात तो दगड नीट लावला तर त्याच्यातली वस्ती आजूबाजूच्या सिमेंटवरही पसरली असती. नुसता टाकून दिला तर वाळूत रुतून मेला असता. कोणीतरी खाली जायला हवं होतं.

होडी खाडीच्या तोंडाशी थांबली तेव्हा नणंदेनं वजनाचा पट्टा कमरेला बांधला. मुखवटा उलटा घातला, वहिनीनं सुलटा करून दिला.

"वन्सं, घाबरलात तर लगेच वर या. लाज नाही वाटून घ्यायची."

"लाज तुझ्यासमोर?" नणंद म्हणाली आणि बदकन पाण्यात पडली.

पहिल्या खेपेला ती मिनिटभरात वर आली, खोकत, शिव्या देत. दुसऱ्या खेपेला जरा टिकली. तिसऱ्या खेपेला वहिनीनं दोरीनं दगडांची जाळी खाली सोडली आणि ती रिकामी होऊन वर आली. मग परत भरली. कॉम्प्रेसर धडधडत होता. वहिनी एका हातानं नळी थोडी थोडी सोडत बसली होती, आणि इतकी वर्षं ही बाई इथे बसून काय काय सहन करत असेल, हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

पिंपं रिकामी झाली तेव्हा नणंद वर आली. होडीची कड धरून, मुखवटा कपाळावर सारून ती धापा टाकत राहिली. ओठ निळे पडले होते.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं. "बऱ्या आहात ना?"

"खाली केवढा आवाज असतो गं," नणंद म्हणाली. "कढईत काही तडतडावं तसा, सगळीकडून. मला वाटायचं, खाली शांत असेल."